घोड्याच्या थडग्यावरची क्लिओपात्रा : एडमोनिया लुईस

खडीसाखर

शिकागोच्या पश्चिमेला लागूनच फॉरेस्ट पार्क नावाचं गाव आहे. तिथे एके काळी घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होतं. मालक जॉन कॉन्डन, पंचक्रोशीत 'ब्लाइंड जॉन' म्हणून ओळखला जाणारा जुगारी. त्याची क्लिओपात्रा नावाची लाडकी घोडी मेली. त्याने तिला मैदानातच पुरलं आणि वर खूण म्हणून एक संगमरवरी पुतळा आणून बसवला. पुतळाही क्लिओपात्रेचाच, इजिप्तच्या राणीचा. शिकागोच्या एका गुत्त्यात तो पडून होता. नावाला नाव जुळलं, सौदा झाला.

हा पुतळा १८७६ साली फिलाडेल्फियात अमेरिकी स्वातंत्र्याच्या शताब्दी प्रदर्शनात मांडला होता. वजन जवळपास चौदाशे किलो, घडवला रोममध्ये. घडवणारी बाई एडमोनिया लुईस. वडील आफ्रिकी वंशाचे, वेस्ट इंडीजकडचे. आई ओजिब्वे या आदिवासी जमातीतली, तिच्याकडेही आफ्रिकी रक्त. या दोन्हींपैकी कुठल्याही समाजातून आलेल्या शिल्पकाराचं नाव त्याआधी अमेरिकेबाहेर कुणी ऐकलं नव्हतं.

तिच्यावर जे काही वाचायला मिळतं त्यात अनाथ पोर, विषप्रयोगाचा आरोप, जमावाची मारहाण, मग विस्मृती, असा सगळा मसाला असतो. ते सगळं घडलं, आणि पुढे सांगतेच. पण मला तिच्यातली धंदेवाईक कारागीर जास्त आवडते. पैसे कुठून उभे करायचे, माल कुणाला विकायचा, गिऱ्हाईक नसेल तर ते कसं तयार करायचं, हे तिला पक्कं कळत होतं. धागा त्यासाठीच काढलाय.

जन्म १८४४च्या सुमाराचा, न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीनबुशचा. नऊ-दहा वर्षांची व्हायच्या आत आईवडील गेले. आईकडच्या बायकांनी तिला नायगारा धबधब्याजवळ वाढवलं. त्या चामडी मोजड्या, टोपल्या, मण्यांची कामं करून प्रवाशांना विकायच्या. म्हणजे हाताने वस्तू करायची आणि परक्या माणसाला विकायची, हे बाळकडू तिथलं. मोठा भाऊ सॅम्युएल सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेला. पुढे मोंटानातल्या बोझमनला न्हावी म्हणून चांगला स्थिरावला. बहिणीच्या शिक्षणाचा खर्च त्याने उचलला. या भावाचं नाव फार कमी घेतलं जातं, म्हणून मुद्दाम घेतलं.

१८५९ मध्ये ती ओहायोच्या ओबर्लिन कॉलेजात दाखल झाली. मुली आणि कृष्णवर्णीय या दोघांनाही घेणाऱ्या त्या काळातल्या अगदी मोजक्या ठिकाणांपैकी एक. राहायला एका पाद्र्याच्या घरी, बाकीच्या बहुतेक मुली गोऱ्या. जानेवारी १८६२ मध्ये त्याच घरातल्या दोन मुली मित्रांबरोबर घसरगाडीतून सहलीला निघाल्या. निघण्याआधी एडमोनियाने त्यांना मसाला घातलेली गरम वाइन दिली. वाटेत दोघींच्या पोटात भयंकर कळा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, स्पॅनिश फ्लाय. हे एका किड्यापासून केलेलं औषध, कामोत्तेजक म्हणून वापरायचे आणि जास्त झालं तर विषच. मुली वाचल्या. पण खटला उभा राहायच्या आधीच एका रात्री लोकांनी एडमोनियाला घराजवळून ओढून नेलं, मरेस्तोवर मारलं आणि थंडीत एका शेतात टाकून दिलं. मारणाऱ्यांपैकी कुणावरही कारवाई झाली नाही.

तिचं वकीलपत्र घेतलं जॉन मर्सर लँगस्टनने. स्वतः कृष्णवर्णीय, ओबर्लिनचाच पदवीधर. त्याचा मुद्दा अगदी साधा होता. मुलींच्या पोटातून जे बाहेर पडलं ते कुणी जपून ठेवलं नाही, तपासलं नाही. मग विष होतं हे सिद्ध कसं करणार? खटला तिथेच आटोपला. पण पुढच्या वर्षी तिच्यावर चित्रकलेचं साहित्य चोरल्याचा आळ आला. तोही टिकला नाही. तरी शेवटच्या सत्राला तिला नाव नोंदवू दिलं नाही. डिप्लोमा राहिला तो राहिलाच. कॉलेजने तो २०२२ मध्ये दिला. बाईला जाऊन तेव्हा एकशे पंधरा वर्षं झाली होती.

१८६४ च्या सुरुवातीला ती बॉस्टनला आली. गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या विल्यम लॉइड गॅरिसनने तिला एडवर्ड ब्रॅकेट या शिल्पकाराकडे पाठवलं. ब्रॅकेट तिला शरीराचा एखादा भाग नकलेला द्यायचा आणि ती मातीत करून आणायची. रीतसर शिक्षण म्हणतात ते एवढंच. त्यावर तिने जॉन ब्राउन वगैरे चळवळीतल्या माणसांची पदकं करून विकायला सुरुवात केली. मग केला कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉचा अर्धपुतळा. शॉ म्हणजे कृष्णवर्णीय सैनिकांच्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचा गोरा सेनापती, अमेरिकी यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये, फोर्ट वॅग्नरवर पडला आणि आपल्या सैनिकांबरोबर एकाच खड्ड्यात पुरला गेला. बॉस्टन अजून त्या दुःखात होतं. तिची हितचिंतक लेखिका लिडिया मारिया चाइल्ड तिला सांगत होती की हा विषय घेऊ नकोस, तुझा हात अजून तयार नाही. हिने केलाच. प्लास्टरच्या शंभरेक प्रती पंधरा-पंधरा डॉलरला विकल्या आणि त्या पैशांवर १८६५ मध्ये इटलीची बोट पकडली.

रोममध्ये काय केलं ते प्रतिसादांत बोलू. लांबलंय.

---

नाक्यावरचा

वाचनखूण साठवली. 'नावाला नाव जुळलं, सौदा झाला' इथे फुटलो.

पण खडीसाखरताई, असं मध्यावर सोडून जायचं नाही. गुत्त्यात पुतळा आला कसा?

---

टाकीवाला

चांगला विषय. शिल्पकलेवर इथे फार कमी येतं.

मी दगडातच काम करतो म्हणून थोडं तांत्रिक. संगमरवराचा पुतळा शिल्पकार सुरुवातीपासून दगडात कोरत बसतो असं लोकांना वाटतं. एकोणिसाव्या शतकात रोममध्ये तसं जवळजवळ कुणीच करत नव्हतं. आधी सापळ्यावर माती चढवून मॉडेल करायचं, त्याचा साचा काढायचा, साच्यातून प्लास्टरची प्रत. प्लास्टरवर खुणा ठोकायच्या आणि पॉइंटिंग मशीनने एकेका खुणेची खोली दगडावर उतरवायची. मशीन म्हणजे एक चौकट, तिला पुढेमागे सरकणारी सुई. प्लास्टरवर सुई टेकली की तिथे अडकण लावायची, चौकट उचलून दगडावर टांगायची, सुई त्याच जागी पोचेपर्यंत भोक पाडत जायचं. अशी शेकडो भोकं पडली की मधला दगड काढून टाकायचा. हे सगळं मजूर आणि कारागीर करायचे. पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणारी, हात बसलेली माणसं तिथे रोजावर मिळायची. शिल्पकार शेवटी येऊन चेहरा, केस, कातडीचा पोत यावर हात फिरवणार. काही जण तेवढंही करत नसत.

यात लबाडी नव्हती, सगळ्यांची तीच रीत. पण बाई असेल तर लोक लगेच म्हणणार, हिने काय केलं, सगळं त्या इटालियनांनी केलं. रोममधलीच अमेरिकन शिल्पकार हॅरिएट हॉस्मर, तिच्या वाट्याला हेच आलं. तिच्या 'झेनोबिया'बद्दल १८६३ मध्ये इंग्लंडच्या नियतकालिकांत छापून आलं की ही मूर्ती तिच्या कारागिराची. तिने अब्रुनुकसानीचा दावा लावला, माफी छापायला लावली आणि वर १८६४ मध्ये 'अटलांटिक' या अमेरिकन मासिकात लेख लिहून सगळ्या जगाला ही पद्धत समजावून सांगितली. की बाबांनो, पुरुषही असंच करतात.

एडमोनिया रोमला पोचली ती या प्रकरणानंतर लगेच. तिने दुसरा रस्ता धरला. मजूर लावायचेच नाहीत, दगड स्वतः फोडायचा. उंची म्हणाल तर चार फुटांच्या आसपास. टाकी-हातोडी धरून पाहिली असेल त्यालाच कळेल हे काय आहे.

---

खडीसाखर

टाकीवाला, मनापासून आभार. मला हे एवढं नेमकं लिहिता आलं नसतं.

स्वतः कोरण्यात पैशाचाही भाग होता. मजुरांची रोजी द्यायला सुरुवातीला होते कुठे? पुढे मागणी वाढली तेव्हा मदतीला माणसं ठेवल्याचे उल्लेख आहेत. पण पहिली कामं तिच्या हातची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती ते आवर्जून दाखवायची. तिचा स्टुडिओ पियाझा बार्बेरिनीजवळ होता. रोमला येणारे अमेरिकन आणि इंग्रज प्रवासी शिल्पकारांचे स्टुडिओ बघत फिरायचे, गाइडबुकात पत्ते छापलेले असायचे. ती लाल टोपी आणि सैलसर जाकीट घालून दगडावर काम करताना दिसायची. नायगाराला मोजड्या विकणाऱ्या मुलीला गिऱ्हाइकासमोर कसं उभं राहायचं हे कुणी शिकवायला नको होतं.

अमेरिकन कवी लाँगफेलोचा किस्सा तर भारीच. त्याच्या 'हायावाथा' या काव्यावर, म्हणजे ओजिब्वे लोकांच्या गोष्टीवर, तिने छोटी छोटी शिल्पं केली. एक बाणाची टोकं करणारा म्हातारा आणि शेजारी चटई विणणारी त्याची मुलगी. कविता अमेरिकेत घरोघरी पाठ, त्यामुळे ही शिल्पं दिवाणखान्यासाठी हमखास खपायची. लाँगफेलो स्वतः १८६८-६९ च्या हिवाळ्यात रोमला आला. ओळखदेख नाही, समोर बसवून घ्यायची सोय नाही. हिने त्याला रस्त्यात येता-जाता न्याहाळलं आणि डोक्यात साठवून अर्धपुतळा केला. त्याचा भाऊ स्टुडिओत आला तेव्हा थक्क झाला. मग कवी स्वतः येऊन बसला. तो संगमरवरी अर्धपुतळा आज हार्वर्डमध्ये आहे.

नाक्यावरचा, गुत्ता येतोय. दम धरा.

---

शंकेखोर

लेख आवडला, पण 'धंदेवाईक' हे प्रकरण मला पूर्ण पटलेलं नाही. गुलामांच्या मुक्तीवरच्या तिच्या सगळ्यात गाजलेल्या 'फॉरेव्हर फ्री' या शिल्पाचंच बघा. १८६७ चं काम. आता हॉवर्ड विद्यापीठात आहे. ते बॉस्टनला कसं आलं? कुणीही मागवलेलं नव्हतं. हिने संगमरवरात करून सरळ बोटीवर चढवलं आणि भाड्याचं, जकातीचं बिल सॅम्युएल सूअल या वकिलाच्या नावावर लावलं. चळवळीतला सज्जन माणूस, बिचाऱ्याने पदरचे पैसे भरले आणि मग वर्गणी काढून वसूल करत बसला. चाइल्डबाई यावर चिडल्या होत्या, आणि त्यांचं काय चुकलं? आधी प्लास्टरमध्ये कर, ऑर्डर मिळाली की दगड घे, हे साधं शहाणपण त्या सांगत होत्या.

दुसरा आक्षेप खुद्द शिल्पावर. पुरुष उभा, डावा हात वर, मनगटात तुटलेली साखळी. साखळीच्या गोळ्यावर पाय. आणि बाई? गुडघ्यावर, हात जोडून. पुरुष मुक्त झाला, बाई अजून प्रार्थनाच करते आहे. त्यात बाईचे केस आणि नाकडोळे थेट युरोपियन. एका कृष्णवर्णीय बाईने हे असं का करावं?

---

अश्विनी_पूर्वा

शंकेखोर, बाईच्या चेहऱ्याबद्दल माझं मत वेगळं आहे. समजा तिने बाईला ठळक आफ्रिकी चेहरा दिला असता. बघणारा पहिल्यांदा काय म्हणाला असता? की हिने स्वतःलाच कोरलंय. तिच्याबद्दल बोलणारे सगळे आधी तिच्या रंगाबद्दल बोलायचे. कादंबरीकार हेन्री जेम्सने पुढे १९०३ मध्ये रोममधल्या या अमेरिकन शिल्पकार बायकांची पांढऱ्या संगमरवरी कळपाशी तुलना केली आणि एडमोनियाचं नावही न घेता शेरा मारला की तिचा रंगच तिच्या कीर्तीची वकिली करत होता. अशा वातावरणात स्वतःला कामापासून चार हात लांब ठेवणं मला समजू शकतं. काही अभ्यासकही असंच म्हणतात.

आणि गुडघ्यावरची बाई. गुलामगिरीविरोधी चळवळीच्या पदकांवर, छापील पत्रकांवर साखळदंडातला गुडघे टेकलेला गुलाम हे चित्र ऐंशीएक वर्षं चालत आलं होतं. बॉस्टनच्या प्रत्येक घरात ते होतं. तिने त्यातल्या पुरुषाला उभं केलं. हे तिच्या गिऱ्हाइकांना एका नजरेत कळलं असणार.

बाई उभी राहायला हवी होती का? हो, हवी होती. तिथे तुमच्याशी सहमत.

---

खडीसाखर

शंकेखोर, सूअलचं प्रकरण तुम्ही सांगितलंत तसंच आहे. पण शेवट बघा की. ऑक्टोबर १८६९ मध्ये बॉस्टनच्या ट्रेमाँट टेंपलमध्ये मोठा समारंभ झाला आणि ते शिल्प बॉस्टनचे कृष्णवर्णीय पाद्री रेव्हरंड लिओनार्ड ग्राइम्स यांना अर्पण झालं. वर्गणी जमली. 'मागणी आली की करते' म्हणून ती थांबली असती, तर गुलामांच्या मुक्तीवर कृष्णवर्णीय शिल्पकाराने केलेलं ते पहिलं मोठं शिल्प झालंच नसतं. अशी मागणी तिला कोण आणि कधी देणार होतं? त्याच सुमारास अॅन व्हिटनी या शिल्पकाराचं बघा. बॉस्टनने १८७५ मध्ये सिनेटर चार्ल्स समनरच्या पुतळ्यासाठी नावं झाकून स्पर्धा घेतली, तिचं मॉडेल निवडलं, आणि ही बाई आहे कळल्यावर काम पुरुषाला दिलं. व्हिटनी तर सुखवस्तू गोऱ्या घरातली.

चाइल्डबाईंच्या पोटात माया होती यात शंका नाही. पण त्यांची पत्रं वाचताना सारखं वाटतं की त्यांना एडमोनिया हळूहळू, विचारून विचारून पुढे जायला हवी होती. हिला तेवढा वेळ नव्हता.

---

दादरचा म्हातारा

सर्वांची चर्चा वाचतो आहे. एक आठवण करून देतो. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सत्पुरुषांना, ज्यांनी तिथली गुलामगिरी संपवायला स्वार्थ बाजूला ठेवला. वर आलेली गॅरिसन, चाइल्ड, सूअल ही सारी त्याच मंडळींपैकी. पुण्यात बसून जोतीराव ज्यांना नमस्कार करत होते, त्यांच्याच दिवाणखान्यांत या मुलीचे पुतळे ठेवलेले होते. आणि त्या मंडळींशी तिचे खटके कसे उडत होते, तेही आपण वर वाचलेच.

---

खडीसाखर

आजोबा, वा! हे डोक्यात आलं नव्हतं. त्याच १८७३ मध्ये ती रोमहून पाच शिल्पं घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेली होती. पूर्वेकडे खपत नाही ते पश्चिमेकडे खपेल, हा हिशेब. दोन तिथे विकली गेली. उरलेली तीन सॅन होजेला नेली, आणि आजही ती तिथल्या सार्वजनिक वाचनालयाकडे आहेत. त्यातला एक लिंकनचा अर्धपुतळा.

आता क्लिओपात्रा.

तोवर क्लिओपात्रा पुष्कळांनी केली होती. रोममध्येच राहणाऱ्या विल्यम वेटमोर स्टोरीची फार प्रसिद्ध. ती हनुवटीला हात लावून विचारात बसलेली आहे. राणीने साप चाववून घेऊन जीव दिला अशी कथा आहे ना, त्या सापाचा विचार चालू आहे, साप अजून नाही. एडमोनियाची क्लिओपात्रा मेलेली आहे. सिंहासनावर बसल्या बसल्या. डोकं मागे आणि एका बाजूला कललेलं, डावा हात सिंहासनाच्या बाहेर लोंबतोय, उजव्या हातात साप अजून तसाच. सिंहासनाच्या हातांवर दोन सारखी मुंडकी, तिच्या जुळ्या मुलांची म्हणतात. अंगावर राणीचा सगळा साज. डावा हात बघा फक्त. बोटांत काही म्हणजे काही ताण नाही. कठीण दगडात सैल पडलेला हात दाखवणं किती अवघड ते टाकीवालांनी सांगावं.

फिलाडेल्फियात लोक गर्दी करून बघायचे. विल्यम क्लार्क नावाच्या समीक्षकाने दोन वर्षांनी लिहिलं की हे काम सुंदर नाही, पण अस्सल आहे आणि अंगावर येणारं आहे. मृत्यूचे परिणाम इतक्या उघडपणे दाखवले आहेत की किळस यावी. तरी शिल्पकार म्हणून तिची ताकद त्याने नाकारली नाही. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला फ्रेडरिक डग्लसला, म्हणजे गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या प्रसिद्ध कृष्णवर्णीय नेत्याला, व्यासपीठावर बसायचं निमंत्रण होतं आणि दारावरचे पोलीस त्याला आत सोडेनात. त्या प्रदर्शनात हिची चौदाशे किलोची राणी मांडलेली.

विकली मात्र गेली नाही. १८७८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात नेली, तिथेही नाही. परत रोमला न्यायचा खर्च परवडण्यासारखा नव्हता. ठेवली गोदामात. तिथून क्लार्क स्ट्रीटवरचा गुत्ता, तिथून घोडी.

---

टाकीवाला

लोंबता हात अवघड दोन कारणांनी. एक, दगड पाडायचा धोका. हात सुटा निघाला की मनगटाशी संगमरवर काचेसारखा होतो, एक ठोका चुकीचा आणि गेलं. म्हणून शहाणे लोक हात कशाला तरी टेकवून ठेवतात, कापडाला, खांबाला. इथे फोटोत पाहिलं तर हात सिंहासनाच्या अंगाला बिलगूनच आहे. बघणाऱ्याला लोंबता वाटतो, आणि दगडाला पाठीमागून आधार आहे. हुशारी.

दुसरं कारण शरीरशास्त्राचं. जिवंत मॉडेल बसवलं तर झोपलं तरी हातात ताण राहतो. मेलेला हात बघितलेला असावा लागतो.

---

नाक्यावरचा

बरं, मग घोडीवरून राणी उठली कधी?

---

खडीसाखर

बराच उशीर लागला. शर्यतीचं मैदान गेलं, तिथे गोल्फ कोर्स झालं. दुसऱ्या महायुद्धात नौदलाचा टॉर्पेडो बनवायचा कारखाना. मग सत्तरच्या दशकात पोस्टाचं मोठं केंद्र. ही तिथेच, उन्हापावसात. पोस्टाच्या बांधकामात अडचण झाली म्हणून तिला उचलून शेजारच्या सिसेरोमधल्या ठेकेदाराच्या यार्डात टाकली. यंत्रं, भंगार, आणि मध्ये ही. अग्निशमन विभागाच्या एका निरीक्षकाला ती तिथे दिसली. कुणाची, कसली, काही माहीत नाही, पण त्याला वाईट वाटलं. त्याने बॉय स्काउटच्या पोरांकडून तिला धुवून घेतलं आणि रंग लावून घेतला.

---

टाकीवाला

रंग!!!

---

नाक्यावरचा

मलाही आधी हसू आलं, मग वाटलं की शंभर वर्षांत तिच्यासाठी काही करणारी तीच पहिली माणसं.

---

खडीसाखर

अगदी. नंतर फॉरेस्ट पार्कच्या इतिहास मंडळाने ती ताब्यात घेतली. मेरिलिन रिचर्डसन या संशोधक एडमोनियाच्या मागावर होत्या. त्यांना क्लिओपात्रा सापडली ती एका शॉपिंग मॉलच्या सामानाच्या खोलीत. ख्रिसमसची सजावट, रंगाचे डबे आणि मध्ये राणी. १९९४ मध्ये ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिली गेली. नाक, हनुवटी, हात यांची मोडतोड झालेली, पृष्ठभाग खराब. तीसेक हजार डॉलर खर्चून दुरुस्ती झाली.

---

सातासमुद्रापार

वॉशिंग्टनजवळ राहतो, म्हणून राहवलं नाही. स्मिथसोनियनच्या अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये ती आहे, प्रवेश फुकट. गॅलरी प्लेस मेट्रोला उतरलं की समोरच. इमारत जुनं पेटंट ऑफिस. यादवी युद्धात तिथे जखमी सैनिक ठेवले होते आणि मार्च १८६५ मध्ये लिंकनच्या दुसऱ्या शपथविधीचा नाच तिथेच झाला होता. इतकं असूनही पाहुणे आले की आपण त्यांना विमानं बघायला नेतो.

तिची 'हेगार'ही तिथेच आहे, १८७५ ची. अब्राहमच्या घरची इजिप्शियन दासी, मूल झाल्यावर वाळवंटात हाकलून दिलेली. हात जोडलेले, पायाशी पालथा पडलेला घडा. मला क्लिओपात्रेपेक्षा हीच जास्त लागली. शंकेखोर, ही बाई उभी आहे बरं का.

आणि धागाकर्तीला एक भर. ओबर्लिनमध्ये तिला वाचवणारा लँगस्टन पुढे हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदा विभागाचा पहिला डीन झाला. 'फॉरेव्हर फ्री' आज त्याच विद्यापीठात आहे.

---

शंकेखोर

हेगारचा मुद्दा मान्य. शोधून फोटो पाहिला. केस याही बाईचे सरळच आहेत, पण ते असो.

पुढे तिचं काय झालं? १८७६ नंतर एकदम अंधार दिसतो.

---

खडीसाखर

अगदी अंधार नाही, पण मागणी आटली. संगमरवराची फॅशन गेली, लोकांना पॅरिसहून आलेलं ब्राँझ आवडायला लागलं. रोममधल्या अमेरिकन शिल्पकारांची सगळी पिढीच मागे पडली, हॉस्मरसुद्धा. एडमोनिया कॅथलिक होती, चर्चसाठी कामं करत राहिली. १८८३ मध्ये बाल्टिमोरच्या एका चर्चसाठी मोठं शिल्प केलं, ते आज सापडत नाही. जानेवारी १८८७ मध्ये फ्रेडरिक डग्लस दुसऱ्या बायकोबरोबर रोमला आला तेव्हा तिला भेटला. त्याने डायरीत लिहिलंय की सतत इटालियन बोलून बाईचं इंग्रजी बिघडलंय, पण आनंदात दिसते.

नंतर ती लंडनला राहायला गेली. १७ सप्टेंबर १९०७ रोजी हॅमरस्मिथच्या इन्फर्मरीत मूत्रपिंडाच्या आजाराने वारली. हे कळायलाच शंभर वर्षं लागली. तोवर कुणी म्हणे रोममध्ये गेली, कुणी म्हणे कॅलिफोर्नियात. कबर केन्सल ग्रीनच्या सेंट मेरीज कॅथलिक दफनभूमीत निघाली, नावाशिवाय. २०१७ मध्ये तिच्या जन्मगावाकडच्या ईस्ट ग्रीनबुशच्या लोकांनी ऑनलाइन वर्गणी काढून तिथे दगड बसवला. २०२२ मध्ये टपाल तिकीट निघालं.

---

अश्विनी_पूर्वा

वर्गणीवरून आठवलं, व्हिनी रीमवरही लिहा. अठरा वर्षांची पोरगी, लिंकनचा पुतळा करायचं काम १८६६ मध्ये थेट अमेरिकन काँग्रेसकडून मिळवलं, दहा हजार डॉलरला. आणि त्यावर सिनेटमध्ये जे काही बोललं गेलं!

---

खडीसाखर

तिचा वेगळा धागा काढते. टाकीवाला, लिंकनच्या अंगावरच्या झग्याच्या चुण्यांवर तुमच्याकडून ऐकायचंय. तिने दगड कारागिरांकडून कोरून घेतला होता आणि त्यावरूनही गदारोळ झालाच होता.

---

टाकीवाला

काढा. येतोच.